वत्सलाताईंचं अडेनियम

आमच्या नर्सरीचं फाटक उघडून आलेलं गिऱ्हाईक पहिलं वाक्य काय बोलणार, हे मी पैज लावून सांगते. "ताई, कमी पाण्यात येणारं काहीतरी द्या." मग दुसरं, "पण फुलं बारा महिने पाहिजेत हं." आणि मी उठून उभी राहीपर्यंत तिसरं, "आणि पानं गळणारं नको, फार कचरा होतो." अहो, कमी खाणारा, सतत हसणारा आणि पसारा न करणारा जावईसुद्धा मिळत नाही कुणाला, मी झाड कुठून आणू?

गंगापूर रोडला नर्सरी टाकून मला तीस वर्षं होऊन गेली. आता गल्ल्यावर सून बसते आणि मी खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देते. मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. बोलून झाल्यावर वाईट वाटतं, पण तोवर बोलून झालेलं असतं. ह्या फटकळपणामुळे मी एका भल्या माणसाला खोटारडा ठरवलं होतं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कमी पाण्याची झाडं म्हणजे पाणी नको असणारी झाडं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ही झाडं काटकसरी असतात, एवढंच. कुणी घरातच साठा करून ठेवतं. चाफा बघा, कोरफड बघा. चाफ्याची फांदी तोडून महिनाभर कोपऱ्यात टाकली तरी ती मरत नाही, उलट लावली की फुटते. बोगनवेलीचं आणखी वेगळं. तिला लाडानं रोज पाणी घातलं की ती नुसती पानं काढत बसते, आणि जरा उपाशी ठेवली की फुलांनी पेटते. कण्हेर कसल्याही मातीत येते, पण ती विषारी, म्हणून घरात रांगतं पोर किंवा दारात गाय असली की मी ती देत नाही. पंचवटीतल्या एका गुरुजींना मी कौतुकानं बोगनवेल सुचवली, तर म्हणाले, "ताई, ही देवाला चालत नाही, मग नुसती बघत बसू का?" कण्हेर चालली असती, पण दारात गाय. शेवटी तगर आणि पांढरा चाफा घेऊन गेले, आणि अजून दर वर्षी पहिली फुलं आणून देतात.

तर कोणतंही झाड द्यायच्या आधी माझे प्रश्न ठरलेले असतात. ऊन किती वेळ येतं? माती काळी की मुरमाड? पाणी किती दिवसांनी? घरात लहान मूल, गाय, शेळी? एवढं विचारलं की मला सगळं कळतं, असा माझा गैरसमज होता. तो मनमाडनं दूर केला.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ आले. हातात वही, खिशाला पेन. म्हणाले, "मी भास्करराव. मनमाडहून आलोय. मालगाडीचा ड्रायव्हर होतो, गेल्या वर्षी रिटायर झालो. मला एक बाग पाहिजे, चैत्राच्या आत."

"चैत्रात काय आहे?"

"मिसेस परत येतेय."

मग सगळं बाहेर आलं. त्यांची मुलगी ठाण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी यायची, तर तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, बाळाला रोज अंघोळ घालायची असते. तुमच्याकडे पंधरा-वीस दिवसांनी नळ येतो. मी नाही येणार, आईलाच इकडे पाठवा." म्हणून वत्सलाताई, म्हणजे भास्कररावांच्या पत्नी, ठाण्याला गेल्या. आणि घरात एकटं राहिल्यावर ह्या गृहस्थांना प्रथमच दिसलं, की आपल्या अंगणात भिंतीलगत तीसेक झाडं आहेत.

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. तेलाचे डबे, रंगाचे डबे, कान तुटलेल्या बादल्या, आणि प्रत्येकात काहीतरी तरारलेलं.

"सगळं भांड्यांच्या पाण्यावर जगवलंय हो तिनं," ते म्हणाले. "मी छत्तीस वर्षं गाडी चालवली. आज भुसावळ, उद्या इगतपुरी. घरी यायचो ते जेवायला आणि झोपायला. ही झाडं मी कधी बघितलीच नाहीत. आता म्हटलं, तिला डब्यांतली नको, चांगली जमिनीतली बाग करून द्यावी. सरप्राइज."

सरप्राइज हा शब्द ऐकला आणि माझ्यासारखी खडूस बाईसुद्धा विरघळली. 'त्यांना विचारलंत का?' हा साधा प्रश्न मी विचारला नाही. त्या एका चुकीची रुखरुख मला अजून आहे.

चार दिवसांनी मी माझी माणसं घेऊन मनमाडला गेले. घर नीटनेटकं, मागे-पुढे अंगण, माती वर काळी आणि खाली मुरूम. भिंतीवर बोगनवेल, कोपऱ्यात चाफा, पिवळ्या फुलांचा टेकोमा दाराशी, वाटेपासून लांब काटेरी घायपात, कडेनं ऑफिस टाइम. हे ऑफिस टाइम म्हणजे ती बारीक मांसल पानांची, ऊन चढल्यावर उघडणारी आणि दुपारनंतर मिटणारी रंगीत फुलं. मनात चित्र उभं राहिलं होतं. पण मधोमध काय लावायचं, ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात मी ते बघितलं. मोरीजवळ, फुटक्या निळ्या बादलीत. अडेनियम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अडेनियम म्हणजे वाळवंटातलं झाड. बुंधा खाली फुगलेला असतो, त्यात ते पाणी साठवतं. वर चार फांद्या आणि गडद गुलाबी फुलं. बाजारात हाताएवढी मिळतात. हे मात्र मी दोन्ही पंजांनी धरून बघितलं तरी विळख्यात मावेना. असा बुंधा मी माझ्या नर्सरीतही कधी बघितला नव्हता.

"ह्याला ती ढेरपोट्या म्हणते," भास्करराव म्हणाले. "मुलीच्या बारशाला कुणीतरी बोटाएवढं रोप दिलं होतं. मुलीच्याच वयाचं आहे. मुलगी सासरी गेली तेव्हा ही ह्याच्याजवळ बसून रडली होती म्हणे. मी ड्युटीवर होतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, बाकी बागेचं काहीही होऊ दे. ह्याला जर काही झालं, तर मला ह्या घरात तोंड दाखवायला जागा नाही."

मी म्हटलं, "मग बादलीतच राहू द्या की. सुखात आहे ते."

"छे, छे. त्याच्यासाठीच तर बाग! फुटक्या बादलीत किती वर्षं काढणार ते?"

इथं मी ठाम राहायला हवं होतं. पण खरं सांगते, मलाही मोह झाला. असं झाड बागेच्या मधोमध उंचावर बसवलं, की त्याचा फोटो मी जन्मभर गिऱ्हाइकांना दाखवीन, असं वाटलं. मी हो म्हटलं.

आम्ही मुरूम, जाडी वाळू आणि विटांचे तुकडे घालून उंचवटा केला आणि त्यावर ढेरपोट्याला बसवलं. माझ्या माणसांनी हाताच्या सवयीनं प्रत्येक झाडाभोवती आळं केलं. माळ्याच्या हाताला आळं केल्याशिवाय चैनच पडत नाही. पाणी साठून मुळांत मुरावं म्हणून मातीचं ते गोल कडं. अडेनियमलाही केलं. मी बघितलं, आणि म्हटलं, जाऊ दे, घोटभर तर पाणी मिळणार आहे बिचाऱ्याला. पावसाळ्याआधी मोडू.

निघताना मी भास्कररावांना तक्ता लिहून दिला. कोणत्या झाडाला किती दिवसांनी किती मग. अडेनियमला पंधरा दिवसांनी एक मग, तोही बुंध्यापासून लांब. त्यांनी तो दाराच्या आतल्या बाजूला डकवला आणि वहीत तारीख-वार घातले. हा माणूस तक्ता मोडणार नाही, हे मला दिसत होतं.

आणि तरी होळीच्या आधी त्यांचा फोन आला. "ताई, ढेरपोट्याची पानं पिवळी पडून गळतायत. बोगनवेलीला एक फूल नाही, नुसती पानं. आणि तुमचं ते ऑफिस टाइम सगळं कुजलं."

मला बघायचीही गरज नव्हती. "पाणी जास्त होतंय."

"पंधरा दिवसांनी एक मग. तक्त्याप्रमाणे."

"भास्करराव, मी हा धंदा कालपासून करत नाही. बोगनवेल पानं काढते ती पाणी पिऊनच. कुणीतरी पाणी घालतंय, आणि घरात तुमच्याशिवाय कुणी नाही. खोटं बोलू नका. दया आली असेल, घातलं असेल जास्त. सगळेच घालतात."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते अगदी हळू म्हणाले, "ताई, छत्तीस वर्षं सिग्नल पाळलाय मी. लाल असताना एकदासुद्धा पुढे गेलो नाही. तुमचा एक मगाचा तक्ता मी मोडीन, असं वाटतं तुम्हाला?" आणि फोन ठेवला.

मी दिवसभर चिडचिड केली. सुनेवर ओरडले, कुंड्यांवर ओरडले. संध्याकाळी मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकरोडहून गाडी पकडली आणि मनमाडला उतरले.

भास्कररावांनी दार उघडलं, या म्हणाले, पण चेहरा बंद. वही आणून माझ्यासमोर ठेवली. मी वहीकडे बघितलं नाही, सरळ झाडाकडे गेले. वरची माती कोरडी, भेगाळलेली. बुंध्यावर अंगठा दाबला. एका बाजूनं दगडासारखा घट्ट. दुसऱ्या बाजूनं दाबला आणि अंगठा आत गेला, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात जावा तसा.

मी खुरपं घेऊन जरा उकरलं, तर चार बोटं खाली चिखल. ओला, आंबूस वासाचा चिखल! मार्च महिन्यात, मनमाडमध्ये!

"हे बघा!" मी ओरडले. "हे एका मगाचं पाणी आहे?"

ते वाकले, मातीला हात लावला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "देवाशपथ ताई, मी नाही घातलं."

मला अजूनही खरं वाटत नव्हतं, पण त्या चेहऱ्याकडे बघून बोलवेना. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हाळी दिली, "नळ आला! नळ आला गं!"

मनमाडला नळ येतो म्हणजे काय, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. साऱ्या गल्लीत दारं आपटली, मोटारी सुरू झाल्या, पाइप ओढले गेले. भास्करराव मला तसंच सोडून घरात धावले. टाकी, पिंप, हंडे, सगळं भरायचं, आणि पाणी किती वेळ टिकेल त्याचा भरवसा नाही. मी खुरपं हातात घेऊन ढेरपोट्याजवळ बसून राहिले.

मागचं छोटं दार ढकलून एक बाई आत आल्या. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. माझ्याकडे बघून तोंडभर हसल्या, आणि पहिली बादली सरळ अडेनियमच्या आळ्यात रिकामी केली. त्यांच्यामागून दुसरी बाई, तिच्या डोक्यावर हंडा. तिच्यामागून तिसरी.

"अहो! अहो, काय करताय?" मी त्या दुसऱ्या बादलीचा कानच धरला.

"शिळं पानी हाय ताई," बाई मला समजावत म्हणाल्या. "ताजं आलं ना नळाला. मंग हे रिकामं नको का कराया?"

ह्या सिंधूबाई, शेजारच्या. त्यांच्याकडून मला जे कळलं ते माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. पंधरा-वीस दिवस माणसं थेंब न् थेंब जपतात. हात धुतलेलं पाणी बादलीत, बादलीतलं मोरीत. पण नवा नळ आला, की पिंपात तळाशी जे उरलंय ते शिळं झालं. कालपर्यंत प्यायलं तेच पाणी, पण आज ताजं आलं म्हटल्यावर ते पिण्याचं नाही. पिंप तर रिकामं करायलाच हवं, नाहीतर नवं भरायचं कशात? आणि मनमाडमध्ये पाणी गटारीत ओतायचं म्हणजे पाप. मग ते जातं कुठं?

"वत्सला जाताना मला सांगून गेली व्हती," सिंधूबाई म्हणाल्या. "सिंधू, माझ्या झाडांकडं बघ. मंग बघतो आमी. सहा घरचं पानी घालतो हितं. ती असली की स्वतः उभी ऱ्हायची, एकेका डब्याला लोटा लोटा घालायची आन् बाकीचं आमाला रस्त्याच्या निंबाला घालाया लावायची. आता ती नाय, म्हटलं समदं झाडांलाच घाला. जागा बी मोठी झालीय, आळी केलीत छान."

"आणि भास्कररावांना सांगितलं नाहीत?"

"भाऊंना?" त्यांनी कपाळावर हात मारला. "नळ आला की ते घरात मोटारीपाशी. आन् त्यांना काय कळतंय झाडांचं? मगानं पानी घालतात ताई, मगानं! मी भिंतीवरून बघते. मला लय वंगाळ वाटायचं. इतकं मोठं झाड आन् एक मग पानी! वत्सला आल्यावर काय सांगू तिला?"

मी हसू की रडू, समजेना. अख्ख्या जिल्ह्यात पाण्यासाठी सगळ्यात तरसलेल्या गावात, मी निवडून निवडून लावलेली कमी पाण्याची बाग पाणी पिऊन मरत होती. आणि मारत कोण होतं, तर जिवाला जीव देणाऱ्या सहा बाया. पाणी किती दिवसांनी येतं, हे मी विचारलं होतं. पाणी येतं त्या दिवशी जुनं कुठं जातं, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. वर त्यासाठी छान गोल आळी करून दिली होती मीच.

मागे वळून बघितलं, तर दारात भास्करराव उभे. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, हातात पाइप. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

मी म्हटलं, "भास्करराव, मी तुम्हाला खोटं ठरवलं. चुकले मी. माफ करा."

ते म्हणाले, "ते राहू द्या ताई. आधी झाडाचं बघा. वाचेल का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. आणि खरंच माहीत नव्हतं.

आम्ही ढेरपोट्याला उपटलं. सिंधूबाईंनी बुंधा धरला. त्यांना एव्हाना कळलं होतं काय झालंय ते, आणि त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. "मी मारलं गं बाई, मी मारलं," एवढंच. मी रबरी मोजे घातले, कारण अडेनियमचा चीक विषारी असतो, आणि सुरी धुऊन कापायला लागले. सडकं कापायचं म्हणजे दया करून चालत नाही. तपकिरी दिसतंय तोवर कापत जायचं. पांढरं, घट्ट लागलं की थांबायचं. एक काप, दुसरा, तिसरा. प्रत्येक कापाला भास्करराव "अजून?" विचारायचे आणि मी "अजून" म्हणायचे. जवळजवळ अर्धी ढेरी गेली, तेव्हा कुठं पांढरं लागलं.

कापावर बुरशीनाशकाची पावडर फासली. आता हे सावलीत, वाऱ्यावर, मातीचा आणि पाण्याचा स्पर्श न होता सुकायला हवं होतं. उलटं टांगलेलं बरं, म्हणजे कापाला हवा लागते आणि त्यावर ओल थांबत नाही.

"कुठं टांगू?" मी विचारलं.

भास्करराव थोडे घुटमळले. मग मला दिवाणखान्यात घेऊन गेले. छताला नवीकोरी कडी होती. नातवंड येणार म्हणून पाळण्यासाठी त्यांनी ती आधीच बसवून घेतली होती, आणि मुलगी आलीच नव्हती. वत्सलाताईंच्या जुन्या सुती साडीची चिंधी फाडून आम्ही ढेरपोट्याला त्या कडीला उलटं बांधलं.

त्या दिवशी आम्ही सगळी आळी मोडली. सिंधूबाई आणि त्यांच्या सगळ्याजणी कुदळी घेऊन आल्या आणि मागच्या दारापासून रस्त्यावरच्या कडुनिंबापर्यंत चर खणला. शिळं पाणी आता त्या चरात ओतायचं, बागेत टिपूसही नाही. सिंधूबाईंनी ते असं लावून धरलं, की पुढच्या नळाला म्हणे दाराशी दांडका घेऊन उभ्या होत्या.

मग वाट बघणं. भास्करराव रोज सकाळ-संध्याकाळ बुंधा दाबायचे आणि मला फोन करायचे. "ताई, डावीकडे जरा मऊ वाटतंय." मी म्हणायचे, "तुमचा अंगठा मऊ झालाय दाबून दाबून. सोडा त्याला." पण फोन ठेवला की मलाही झोप यायची नाही. मुलीच्या वयाचं झाड. मी मोहापायी जमिनीत लावायला हो म्हटलं होतं. चैत्रात त्या बाई येतील, तेव्हा त्यांना मी काय दाखवणार होते? फोटो?

दोन आठवडे होत आले तेव्हा मी पुन्हा मनमाडला गेले. झाडाखाली उभी राहून सुरीच्या टोकानं काप तपासत होते. छान सुकला होता, वर खपली धरली होती. भास्करराव स्टुलावर चढून चिंधी सोडत होते. आणि फाटक वाजलं.

वत्सलाताई. ठरल्यापेक्षा चार दिवस आधी. मुलीची सासू आली म्हणून ह्यांना सुटी मिळाली होती. हातात पिशवी तशीच, चपला पायात, आणि त्या दारातून आत बघत होत्या. नवऱ्याचे पाय स्टुलावर, अनोळखी बाई हातात सुरी घेऊन उभी, आणि पाळण्याच्या कडीला त्यांचा ढेरपोट्या उलटा.

भास्कररावांना स्टुलावरून उतरता येईना. तिथूनच ते बोलत सुटले. बाग, सरप्राइज, तक्ता, शिळं पाणी, चिखल, कापलेली ढेरी. काही लपवलं नाही. सिंधूबाईंवर ढकललं नाही, माझ्यावरही नाही. "माझी चूक आहे," म्हणाले. "तुला विचारायला पाहिजे होतं."

वत्सलाताईंनी पिशवी खाली ठेवली. पुढे आल्या, हात वर करून अंगठ्यानं बुंधा दाबला. एकीकडे, मग दुसरीकडे, मग कापाच्या अगदी कडेला.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

आणि जमिनीवर बसल्या. मीही बसले. इतकं सुटल्यासारखं मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणानंतर वाटलं होतं, त्यानंतर आत्ताच.

"मीही टांगलं होतं ह्याला एकदा," वत्सलाताई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "असाच सडला होता. पहिल्यांदा, नवखी होते तेव्हा. बाथरूमच्या खिडकीला टांगला होता, सतरा दिवस."

"कधी?" भास्करराव स्टुलावरूनच.

"सांगून काय उपयोग? त्या सतरा दिवसांत तुम्ही पाच वेळा त्याच्याखाली अंघोळ करून गेलात."

भास्करराव हळूहळू उतरले आणि वत्सलाताईंसमोर उभे राहिले. "आता तर दिसतं ना मला," म्हणाले. "पंधरा दिवस जीव टांगणीला लागलाय माझा. झोप नाही."

वत्सलाताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "बरं झालं," म्हणाल्या. "माझ्या झाडासाठी एकदा तरी घाबरलात."

मग उठल्या, बाग फिरून बघितली. बोगनवेलीला आता कुठे फुलं धरली होती, तिथं थांबल्या. "छान केलंत," मला म्हणाल्या. "पण ढेरपोट्याला बादलीच द्या त्याची." आम्ही मोरीमागून निळी बादली शोधून काढली, कोरडी वाळू-मुरूम भरला, आणि भास्कररावांनी झाड धरलं, वत्सलाताईंनी माती लोटली. गंगापूर रोडच्या बंगल्यांत मी एवढ्या बागा केल्या, पण माझ्या ह्या बागेच्या मधोमध आजही एक कान तुटलेली बादली आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. बाग कुणाची आहे ते आधी विचारावं, एवढं मी शिकले. माझ्या ठरलेल्या प्रश्नांत आता दोन प्रश्नांची भर पडली आहे, आणि दुसरा ऐकून गिऱ्हाईक गोंधळतं. "तुमचं शिळं पाणी जातं कुठं?"

पण झाड घट्ट आहे म्हणजे जगलं, असं नसतं. पान फुटेपर्यंत काही खरं नाही. चैत्र गेला. वैशाखाचं ऊन तापायला लागलं. मनमाडहून फोन नाही, आणि मला करायचा धीर नाही.

एका सकाळी नर्सरीत गर्दी असताना फोन वाजला. भास्करराव.

"ताई," म्हणाले. "पान..." आणि पुढं काही नाहीच. नुसता श्वासाचा आवाज.

मी समोरच्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं. "काय झालं पानाला? बोला ना!"

फोन वत्सलाताईंनी घेतला. "अहो, पान फुटलंय. दोन फुटलीत, बोटाच्या पेरापेराएवढी. आणि हे रडतायत. सासूबाई गेल्या तेव्हा चौदाव्या दिवशी ड्युटीवर गेले होते, डोळ्यांतून टिपूस नव्हतं आलं, आणि आज दोन पानांसाठी बघा." मग फोन तोंडापासून लांब गेला आणि त्या नवऱ्यावर ओरडल्या, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "अहो, रडायचं तर लांब होऊन रडा! पाणी पडतंय त्याच्यावर!"